टवक्याची गोटी

रविवार, ता. ४ ऑक्टोबर

प्रिय धाकटीस,

थोरल्या जावेचे आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत. ह्यांचा गुडघा पूर्वी जिना चढताना कुरकुरायचा, आता उतरतानाही कुरकुरतो, एवढाच काय तो फरक. भावोजींना तिकडचं काम मानवलं असेल आणि तुझी तब्येत चांगली असेल, असं मी धरून चालते. दुसरं काय करणार? सोळा महिन्यांत तुझी एक ओळ नाही. माझीही नाही, तेव्हा तक्रार करायला मला तोंड नाही.

पत्र कामासाठीच लिहिते आहे. हसशील, पण मी इंग्रजी शिकते. कारखान्यातले सगळे फॉर्म इंग्रजीत आले आणि गेटवरच्या माणसांना ते भरता आलेच पाहिजेत असा हुकूम निघाला. म्हणून दर रविवारी सकाळी कँटीनमध्ये शिकवणी असते. बाई निवृत्त मास्तरीण आहेत आणि आवाज असा खणखणीत की मागच्या बाकावर डुलकी घ्यायची सोय नाही. त्यांनी अभ्यास दिलाय. आपल्या कामात रोज कानावर पडणारा एक इंग्रजी शब्द घ्यायचा, तो कोण कसा वापरतं ते ऐकायचं आणि त्याची दहा वाक्यं लिहून आणायची. ड्रायव्हरनं 'ब्रेक' घेतला, स्वयंपाक्यानं 'प्लेट'. माझ्या वाट्याला दुसरा कुठला येणार? मी 'सर्च' घेतला.

तुझी जाडी डिक्शनरी इथेच आहे. विसरलीस की ठेवून गेलीस ते मला कळलेलं नाही. तिच्यात ह्या एका शब्दाला अर्धं पान दिलंय. हरवलेली वस्तू बघत हिंडायचं तो सर्च. माणसाचे खिसे चाचपायचे तोही सर्च. घर उलथंपालथं करायला पोलीस जो कागद आणतात तो सर्च वॉरंट, डोंगरात वाट चुकलेल्याच्या मागे निघते ती सर्च पार्टी, आणि हल्ली फोनवर बोट आपटून काहीबाही काढून बघतात तेही सर्चच. आपल्याकडे कसं, वस्तू शोधतात, चोर हुडकतात, कपाट उचकतात, घर धुंडाळतात आणि माणसाची झडती घेतात. शब्द ऐकला की कोण कुणाचं काय करतंय ते कळतं. मी बाईंना म्हटलं, इंग्रजांनी सगळं एकाच पोत्यात भरलंय. तर म्हणाल्या, "तसं नाही हो, वाक्य पुढे कसं जातं ते बघा. नुसत्या 'सर्च'मध्ये माणूस तपासायचा असतो, 'सर्च फॉर'मध्ये तो माणूस हवा असतो." हे मी वहीत लिहून घेतलं.

बाईंना आपल्या गेटचं काही ठाऊक नाही, म्हणून वाक्यांच्या आधी त्यांच्यासाठी थोडं लिहिलं. तू शिकलेली आहेस, नजर टाक:

'आमच्या कारखान्यात विजेचे मोठे स्विच बनतात. स्विचमध्ये दोन पट्ट्या जिथे एकमेकींना टेकतात तिथे चांदीची टिकली बसवतात. ती मसुराएवढी असते, कुठेही लपते. म्हणून सुटताना झडती. रोज सगळ्यांची घेणं शक्य नाही, म्हणून बायकांच्या गेटवर एक कापडी पिशवी असते. तिच्यात वाटाण्याहून जराशा मोठ्या वीस लाकडी गोट्या, सतरा पांढऱ्या, तीन लाल, प्रत्येकीवर कंपनीचा बारीक ठसा. प्रत्येकीनं न बघता हात घालायचा, एक गोटी काढून दाखवायची, परत टाकायची. पांढरी आली तर घरी जायचं. लाल आली की नाव वहीत चढतं आणि पडद्याआड यावं लागतं. तिथे झडती मी घेते. सगळं नशिबावर असल्यामुळे कुणावर संशय नसतो आणि कुणी रागावत नाही. पिशवी एकोणीस वर्षं माझ्या हातात आहे.'

'सगळं नशिबावर' हे मी दोनदा खोडलं आणि दोनदा परत लिहिलं. कागद फाटायला आला.

आता मुद्द्याचं. मंगळवारी गेटच्या साहेबांकडे तुमच्या गावच्या कारखान्याचं पत्र आलं. तू तिथे तपासणीच्या टेबलावर कामासाठी अर्ज केलायस म्हणे. तू आमच्याकडून का गेलीस, हे त्यांनी विचारलंय. ऑक्टोबरअखेरपर्यंत उत्तर हवंय. साहेब मला म्हणाले, "तुमच्याच घरातल्या ना ह्या?" मी हो म्हटलं. ते म्हणाले, "फाइलमध्ये जे आहे तेच मी लिहिणार. झडतीला नकार दिला म्हणून कमी केलं." आणि पत्र ट्रेमध्ये टाकलं. तो ट्रे मला माझ्या खुर्चीतून दिसतो. तेव्हापासून मी दुसरीकडे बघून बसायचा प्रयत्न करते आहे.

हे वाक्य तिथे गेलं की तुला घेणार नाहीत. तिथेच काय, कुठेच घेणार नाहीत.

मी घरात एक वस्तू शोधते आहे. ती सापडली तर काही करता येईल. काय ते तुला माहीत आहे. हे विचारतात काय हरवलंय, मी म्हणते चष्मा. चष्मा नाकावर असतो.

तुझी थोरली


रविवार, ता. ११ ऑक्टोबर

प्रिय धाकटीस,

आशीर्वाद. तुझं उत्तर नाही. टपालाला चार दिवस लागतात असं मी स्वतःला सांगते.

आज शिकवणीत माझी वाक्यं वाचली. आठ झाली आहेत. बाईंनी त्यात एक भर घातली. इंग्रजी माणसाला एखादी गोष्ट मुळीच ठाऊक नसली की तो म्हणतो, 'सर्च मी'. म्हणजे हवं तर माझी झडती घ्या, माझ्याकडे उत्तर सापडायचं नाही. सगळे खो खो हसले. स्वयंपाकी म्हणाला, "ह्यांची झडती घ्यायची कुणाची छाती आहे?" मी पाणी पिण्याच्या निमित्तानं उठले ती परत जाऊन बसलेच नाही. नळापाशी उभी राहिले.

कारण मी साहेबांना तेच म्हटलं होतं. तू तिथेच उभी होतीस.

आता लिहायला घेतलंच आहे तर सगळं लिहिते. मधे उठले तर समज की मोहरीचा डबा पुन्हा बघायला गेले.

तुझं ऑपरेशन झालं, छातीची डावी बाजू गेली, आणि तीन महिन्यांनी तू कामावर परत आलीस. भावोजी, मी आणि डॉक्टर सोडून कुणाला माहीत नव्हतं. ह्यांनाही नाही. तुझी तशी सक्तच ताकीद होती. "ताई, लोक कीव करतात ते मला चालणार नाही," म्हणालीस. मी तुला कापडाची उशी शिवून दिली, वजन बरोबर यावं म्हणून आत मोहरी भरली. दोघींनी स्वयंपाकघराच्या काट्यावर तोलून पाहिली होती आणि तू म्हणालीस, "आता मला फोडणीत टाकलीस तरी चालेल." किती हसलो होतो. पण पहिल्याच दिवशी पिशवीत हात घालताना तू दुसऱ्या कोपरानं उशी दाबून धरलीस ते मी पाहिलं. पडद्याआड मीच असणार होते, तरी मुख्य साहेब कधीही दुसरी बाई बसवतात, आणि तिचा हात उशीवर पडला असता.

त्याच आठवड्यात एक पांढरी गोटी माझ्या हातून फरशीवर पडली आणि तिचा टवका उडाला. नियम असा की अशी गोटी लगेच बदलायची. मी बदलली नाही. तुला घरी सांगितलं, बोट फिरव, टवका लागेल, तीच काढ. तू म्हणालीस नको. मी म्हटलं, तुला काय कळतंय, गप्प काढ. अकरा महिने तू ती काढलीस. मला त्याचा अभिमान वाटायचा, खोटं कशाला बोलू. रोज संध्याकाळी तू गोटी दाखवायचीस आणि मी तोंड गंभीर करून मान हलवायचे.

मग टिकल्यांचा एक ट्रे कमी भरला. बाहेरून दोन बायका आणल्या, गोटीबिटी काही नाही, सरसकट झडती. मी म्हटलं, हिची मी घेते. साहेब म्हणाले, घरातल्यानं घरातल्याची घ्यायची नाही. तू नकार दिलास. शांतपणे दिलास. मग त्यांनी वही काढली आणि मला विचारलं, "अकरा महिन्यांत ह्यांचं नाव एकदाही नाही. असं कसं झालं?"

मी म्हटलं, "मला काय माहीत, साहेब. असतं एकेकीचं नशीब."

तू माझ्याकडे पाहिलंस. फार वेळ नाही. मग तू तुझा कंपनीचा कोट काढलास, घडी केलीस आणि टेबलावर ठेवलास. तू एक शब्द बोलली असतीस तर माझी नोकरी तिथेच गेली असती. तू बोलली नाहीस, आणि मला बरं वाटलं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. तू जाताना माझ्या मनात पहिलं आलं ते हेच, की वाचले.

आणखी एक आहे. हे लिहायला मला जास्त जड जातंय.

तो ट्रे सापडला. पाच महिन्यांपूर्वी. भंगाराचं पिंप रिकामं केलं तेव्हा तळाशी, पत्र्याच्या कातरणाखाली. कुणाच्या तरी धक्क्यानं पडला असणार. सगळ्या टिकल्या जागच्या जागी होत्या. साहेब म्हणाले, "चला, बरं झालं," आणि वजनाचा कागद दुरुस्त केला. तुझी फाइल कुणी उघडली नाही, कारण त्यांच्या लेखी तू चोरीसाठी गेलीच नव्हतीस, नकारासाठी गेली होतीस. मी त्या दिवशी घरी येऊन तुला पत्र लिहायला बसले. 'प्रिय धाकटीस' एवढं लिहिलं. मग हे भाजी कुठली आणू म्हणून विचारायला आले आणि मी कागद डिक्शनरीत ठेवला. अजून तिथेच आहे, परवा सापडला. सर्चच्या पानापासून फार लांब नाही.

आता काय करायचं ते मी ठरवलं आहे. साहेबांकडे जाऊन गोटीचं सांगायचं. पण नुसतं तोंडी सांगितलं तर म्हणतील, जावेसाठी कहाणी रचतेय, आठवडाभर पत्राकडे डोळे लावून बसली होतीच. ती गोटी हवी. टवक्याची, कंपनीच्या ठशाची. तुला कमी केलं त्या दिवशी मी ती पिशवीतून काढली, सुट्या गोट्यांच्या डब्यातली एक तिच्या जागी टाकली, आणि हिला कमरेला खोचून घरी आणली. मला स्पष्ट आठवतं की मोहरीच्या डब्यात खुपसली, कारण तो डबा फक्त आपण दोघी उघडत होतो. पण डब्यात ती नाही. मी मोहरी ताटात ओतली, बोटांनी सारली, चाळली. सगळं घर पालथं घातलं. माळा, शिवणाची पेटी, पिठाचे डबे, ह्यांचे जुने बूट. ह्यांनी विचारलं, "कारखान्यात हौस भागत नाही का, की आता घराचीही झडती?" मी त्यांच्यावर वसकन ओरडले. बिचारे बाहेर जाऊन पायरीवर बसले. मग मी त्यांना चहा दिला आणि गोटीचं सगळं सांगितलं, तुझं ऑपरेशन सोडून. ऐकून म्हणाले, "निवृत्तीला दोन वर्षं राहिली आहेत तुझी." एवढंच. मग कप धुवायला घेतला.

एक गोष्ट तुला विचारल्याशिवाय होणार नाही. गोटी कशासाठी, हे साहेब विचारतीलच. मग ऑपरेशनचं सांगावं लागेल. तू मला नको म्हटलं होतंस. माझं तोंड मी माझ्या कामासाठी शिवून घेतलं होतं, पण ही गोष्ट तुझी आहे, तिच्याबद्दल मला परस्पर ठरवता येत नाही. सांगू का ते कळव. नाही म्हणालीस तर दुसरं काही तरी बघेन. काय बघेन ते मला ठाऊक नाही.

तुझी थोरली


गुरुवार, ता. १५ ऑक्टोबर

धाकटे,

घाईत लिहिते, टपालपेटी साडेचारला उघडतात.

आज जेवणाच्या सुट्टीत मला आठवलं. हातात घास होता तो तसाच राहिला. तुम्ही गाव सोडलंत त्याच्या आदल्या दिवशी मी तुला नवी उशी शिवून दिली. जुनीची शिवण विरली होती, आणि तिकडे तुला कोण शिवून देणार, म्हणून. तू ती घेतलीस, पिशवीत टाकलीस, माझ्याकडे बघितलंही नाहीस. ती उशी मी त्याच डब्यातल्या मोहरीनं भरली. वाटी बुडवली, ओतली, बुडवली, ओतली. डोळ्यांत पाणी होतं, मला वाटीसुद्धा नीट दिसत नव्हती. तिच्यातून गेली असणार. दुसरीकडे जायला तिला वाटच नाही.

म्हणजे घरभर मी उगाच उकरत बसले. ती तुझ्यापाशी आहे, तुझ्या अंगाशी, सोळा महिने. मी तुला जे लपवायला दिलं त्याच्यात माझंच लपवलेलं घालून पाठवलं. मुद्दाम नाही, शपथ घेऊन सांगते, पण मुद्दाम केलं असतं तर काय वेगळं झालं असतं?

शिवण उसव. खालच्या बाजूची, तिथे मी दुहेरी दोरा घातलाय, कात्री बारीक घे. मोहरी ताटात काढ, सांडू नकोस. सापडली तर पाठव. नाही पाठवावीशी वाटली तर निदान मी मागितलेल्या परवानगीचं हो-नाही कळव. आणि दोन्ही नको असेल तर रिकामं पाकीट पाठव, म्हणजे पत्रं पोचली एवढं तरी मला कळेल.

सोळा दिवस राहिलेत.

थोरली


मंगळवार, ता. २७ ऑक्टोबर

प्रिय धाकटीस,

तुला आणि भावोजींना आशीर्वाद. आधी कामाचं सांगते, म्हणजे तुझा जीव टांगणीला राहायला नको. तुझ्याबद्दलचं साहेबांचं उत्तर तिकडे रवाना झालं. काल संध्याकाळच्या टपालानं. पाकीट मी माझ्या हातानं पेटीत टाकलं. त्यात काय लिहिलंय ते पुढे येतंच.

आता पहिल्यापासून. तुझी डबी शनिवारी आली. काडेपेटी, वर दोरा गुंडाळलेला. हलवली तर आत खुळखुळलं. मी ती उघडलीच नाही तासभर. हे म्हणाले, "अगं, एवढं घर उकरलंस आणि आता हातात आलंय तर बघत बसलीस?" मग त्यांनीच दोरा सोडला. गोटी, आणि पावतीच्या पाठीवर तुझं अक्षर. मला ते पाठ झालंय, तरी लिहिते, म्हणजे मी नीट वाचलं हे तुला कळेल:

'ताई, ही पहिल्याच आठवड्यात टोचली. शिवण तेव्हाच उसवली होती. तुझी नोकरी जाईल म्हणून पाठवली नाही, आणि तू मागशील म्हणून टाकलीही नाही. ऑपरेशनचं सांग. आता मी स्वतःच सांगते लोकांना.'

शिवण तेव्हाच उसवली होती. म्हणजे मी घरभर डबे उपसत होते तेव्हाच नाही, तर मी तुला 'प्रिय धाकटीस' लिहून कागद डिक्शनरीत कोंबला तेव्हाही ती तुझ्याकडे होती. कधीही पाकिटात घालून साहेबांना पाठवली असतीस तर तुझं नाव धुऊन निघालं असतं. तू वाट बघत बसलीस. आणि कुणाची? माझी. मला तुझा राग आला, खरंच आला. इतकं चांगलं असू नये माणसानं, समोरच्याला उभं राहायला जागा उरत नाही. मग मी रडले. ह्यांनी पावती वाचली आणि ऑपरेशन म्हणजे काय ते विचारलं. सांगितलं. ते म्हणाले, "तेव्हा मी तिला जड पिंप उचलायला लावलं होतं एकदा." आणि उठून गच्चीत गेले.

काल साहेबांकडे गेले. गोटी टेबलावर ठेवली. त्यांना आधी कळलंच नाही, म्हणाले हे काय, बटण? मी म्हटलं, "बोट फिरवा." फिरवलं. टवक्यापाशी थांबलं. मग मी सगळं सांगितलं, उभ्या उभ्या, एका दमात, मधे थांबले असते तर पुढे गेले नसते.

त्यांनी वही काढून तारखा पाहिल्या. सुट्या गोट्यांचा डबा मागवला, मोजला, एक कमी भरली. मग म्हणाले, "त्याही सामील होत्या ना?"

"होती. मी तिला दटावून सामील केलं. ती नको म्हणत होती."

"ऑपरेशनचं तेव्हा का नाही सांगितलं?"

"तिनं सांगायचं नाही म्हटलं होतं."

"आणि गोटीचं?"

"ते माझ्यासाठी नाही सांगितलं."

साहेब वाईट माणूस नाही. गोटी वहीवर ठेवली. म्हणाले, "एकोणीस वर्षं तुमच्या पिशवीवर कुणी बोट ठेवलं नव्हतं." मी म्हटलं, ठेवायला हवं होतं. मग त्यांनी तुमच्या गावचं पत्र ट्रेमधून काढलं आणि माझ्यासमोर उत्तर टाइप केलं. माझं इंग्रजी तेवढं झालंय आता, मी वाचलं. कंपनीची कुठलीही वस्तू हिच्याकडून गेली नव्हती. झडतीला नकार द्यायला आजारपणाचं कारण होतं, ते आम्हाला तेव्हा कळलं नाही. गेटवरच्या पद्धतीत जी चूक झाली ती आमच्या नोकराची होती, हिची नव्हे. काम चोख. सही, शिक्का. 'चोख' हे माझं भाषांतर आहे, पण त्यांनी लिहिलेला शब्द तेवढ्याच ताकदीचा आहे, डिक्शनरीत बघून खात्री केली.

माझं म्हणशील तर मला कालपासूनच कमी केलं. हे अपेक्षितच होतं, तू वाईट वाटून घेऊ नकोस, आणि नोकरी वाचवली असतीस वगैरे तर मुळीच लिहू नकोस. गोटी पाकिटात घालून माझ्या फाइलला लावली आहे. तुझ्या फाइलमधून तो कागद निघाला आणि माझ्या फाइलमध्ये हा गेला. आता बरोबर जागी आहे.

एक राहिलं. काम सोडून जाणाऱ्याला गोटी नसते, थेट झडती, हा नियम माझ्याच तोंडून शेकडो जणींनी ऐकलाय. पडद्याआड नवी बाई होती, विशीतली असेल. तिचे हात गार होते. म्हणाली, "आजी, हात जरा वर." मी हजारो वेळा म्हटलंय हे वाक्य, अगदी ह्याच आवाजात, आणि मला नेहमी वाटायचं की आपण किती सभ्यपणे म्हणतो. धाकटे, ते फार लांबतं गं. बाहेरून चुटकीसरशी वाटतं. आत उभं राहिलं की आपलं शरीर म्हणजे कुणीतरी उचकलेलं कपाट. आणि माझ्याकडे तर लपवायला काही उरलंही नव्हतं. तू त्या दिवशी नाही का म्हणालीस ते मला माझ्या डोक्यानं माहीत होतं. काल पाठीला कळलं.

खिशात शिकवणीचा कागद निघाला. तिनं तो उघडला, वाक्यं बघितली, म्हणाली, "नऊच आहेत." मी म्हटलं, दहावं घरी जाऊन लिहीन. अजून लिहिलेलं नाही. बाईंनी निरोप पाठवलाय की नोकरी गेली तरी शिकवणीला येत जा, आता तर वेळच वेळ आहे. जाईन म्हणते. घरात बसले की पाय चाळवतात, उगाच उठून एखादा डबा उघडते, मग आठवतं की आता काही शोधायचं नाहीये.

ह्यांनी गच्चीवरून येऊन एकच विचारलं, तुम्ही दोघं इकडे कधी याल. मी म्हटलं, ते मी विचारू शकत नाही. तर म्हणाले, मग मी विचारतो असं लिही. म्हणून लिहिलं.

पत्रासोबत एक पुडकं आहे. तू उसवलीस ती उशी तू घाईत कशी शिवली असशील ते मला माहीत आहे, तुला शिवणाचा किती कंटाळा ते मला ठाऊक. म्हणून नवी केली. कापड मऊ आहे, दोनदा धुतलंय. मोहरी खिडकीत बसून दाणा दाणा निवडली, चष्मा लावून, खराखुरा. वजन जुन्या मापानं केलंय, थोडं कमीजास्त झालं असेल तर तूच ठरव.

खालची शिवण मी घातलेली नाही. चार बोटं जागा उघडी ठेवलीय, तात्पुरता एक टाका मारलाय. तो काढ, आत हात घाल, सगळी मोहरी ताटात ओतून बघ. माझ्यावर विश्वास ठेवून तशीच शिवू नकोस, आधी बघ. नीट बघ. दोरा आणि सुई पुडक्यात आहे. मग तुझ्या हातानं बंद कर.

जिची झडती तू कधीच घेतली नाहीस, ती तुझी
थोरली